पुलावरची बिगूलवाली

बातमी वाचून मास्तर आधी हसले. मग चष्मा पुसून त्यांनी ती पुन्हा वाचली, आणि त्यांचं हसू जे गेलं ते बरेच दिवस परत आलं नाही.

स्मारक समितीने पुलाच्या अलीकडच्या टोकाला बिगूलवालीचा पुतळा उभारायचं ठरवलं होतं. लढाईच्या त्या सकाळी आपली फौज मागे हटत असताना जी शाळकरी मुलगी पाण्याच्या टाकीवर चढली, जिने बिगूल फुंकून पळत्या शिपायांना माघारी फिरवलं आणि गाव वाचवलं, तिचा. बातमीखाली अध्यक्षांचा हसरा फोटो होता.

"अगं, पण ही पोरगी नव्हतीच," मास्तर म्हणाले.

बायको शर्टाला बटण लावत होती. तिने दोरा दातांनी तोडला. "मला काय सांगता? त्यांना सांगा."

"मी रचलीये तिला. मी."

"मग तर बरंच की. लोकांच्या नाटकांचे अंक वाळवी खाते, तुमच्या नाटकातल्या पोरीचा पुतळा होतोय."

मास्तरांना हे अजिबात बरं वाटलं नाही. शाळेत भाषा शिकवता शिकवता ते स्मृतिदिनाचा प्रयोग बसवायला लागले, त्याला आता जमाना झाला. दरवर्षी पुलाजवळच्या पटांगणात मोठा मंच घालायचा, धूर सोडायचा, लढाई करायची आणि जिंकायची. सुरुवातीला पैसा नव्हता आणि पोरंही कमी. शत्रू आणि आपले, दोन्हीकडे तीच पोरं. शत्रूचे करडे कोट काढून आपले खाकी चढवायला पोरांना वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ मंच रिकामा राहायचा. लोक उठून जायला लागायचे. म्हणून मास्तरांनी एका बाजूला शिडी लावून तिच्यावर एक मुलगी उभी केली आणि तिच्या हातात बिगूल दिला. कोट बदलून होईपर्यंत ती वाजवायची. लोक जागेवर बसले. शिट्ट्या आल्या. पुढच्या वर्षी समितीने शिडीच्या जागी टाकी करून दिली.

झालं होतं ते एवढंच. कोट बदलायला लागणारा वेळ. आणि त्या वेळेचा आता पुतळा होणार होता.

समितीची कचेरी पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, भिंतीवर सेनापतींच्या तसबिरी, कोपऱ्यात गेल्या वर्षीची पुष्पचक्रं एकावर एक रचलेली. फुलं कागदी होती, त्यामुळे झटकून दरवर्षी वापरता यायची. अध्यक्षांची लाकडाची वखार होती. माणूस मुळात वाईट नव्हता आणि मास्तरांचं खरं दुखणं हेच होतं. वाईट असता तर भांडता आलं असतं. अध्यक्षांनी उठून खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मास्तरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "पण मास्तर, ती तुम्हाला सुचली कशी?"

"कशी म्हणजे? सांगितलं ना, कोट बदलायचे होते."

"ते ठीक. पण एवढी मोठी लढाई आणि तुम्हाला नेमकी बिगूल वाजवणारी मुलगीच सुचली. कुठेतरी कानावर आलं असणार. लेखकाला स्वतःला कळत नाही बरेचदा, तो कुठून काय उचलतो ते."

"मला कळतं. शाळेच्या बँडात एकाच पोरीला धड वाजवता यायचं आणि तिला बिगूल यायचा. तिला बासरी येत असती तर आज तुम्ही बासरीवालीचा पुतळा केला असता."

अध्यक्ष मनापासून हसले. "तुमचा हा विनोदी स्वभाव मला फार आवडतो."

"मी विनोद करत नाहीये."

"मास्तर, आता ती चौथीच्या पुस्तकात आहे. धडा आहे तिच्यावर."

"वाचलाय. टाकीवर चढताना तिच्या मनात काय काय विचार आले तेही दिलंय त्यात. मी एवढं दिलं नव्हतं."

"दोन घरांनी अर्ज केलेत की ती आमचीच म्हणून. एकांनी तर बिगूल आणून दिलाय." अध्यक्षांनी मागचं कपाट उघडून लाल कापडात गुंडाळलेला बिगूल काढला आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

मास्तरांनी तो बघितला आणि कपाळाला हात लावला. शाळेचा होता. तोंडाजवळ चेमटलेला. बँडातल्या कुणीतरी तो जिन्यावरून पाडला तेव्हा मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गाला उभं केलं होतं. पुढे तो हरवला म्हणून नोंद झाली होती.

"हा शाळेचा आहे."

"त्यांच्या माळ्यावर सापडला."

"चोरीचा माल माळ्यावरच ठेवतात."

"असं कसं बोलता तुम्ही मास्तर," अध्यक्ष दुखावल्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी बिगूल पुन्हा कापडात गुंडाळला. "पुरावा हवा ना शेवटी. नव्हती असं तुम्ही म्हणता, त्याला पुरावा काय?"

जी नव्हतीच ती नव्हती याचा पुरावा कुठून आणायचा? मास्तर जिना उतरून खाली आले, तिकिटांच्या रांगेत उगाचच उभे राहिले, आणि तिथे त्यांना आत्याची आठवण झाली.

आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण. वडिलांहून लहान, आता पार थकलेली, पण जीभ शाबूत. लढाईच्या दिवशी ती गावातच होती. पिठाच्या गिरणीखालच्या तळघरात, पोत्यांच्या मागे, आईवडिलांबरोबर आणि धाकट्या बहिणीबरोबर. मास्तर लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आले होते, आणि ती प्रयोगातल्या गोष्टीसारखी नव्हती. शत्रू आदल्या रात्रीच पूल सोडून गेला होता. पण टेकडीवरच्या आपल्या तोफखान्याला ते कुणी कळवलंच नाही. गावात अजून माणसं आहेत हेही कळवलं नाही. सकाळी टेकडीवरून गोळे सुटले ते रिकाम्या पुलावर आणि गिरणीच्या गल्लीत. धाकटी तहान लागली म्हणून आईचा हात सोडवून वर गेली होती. ती गल्लीतच राहिली.

पहिल्या वर्षीच्या प्रयोगात मास्तरांनी हे जसंच्या तसं लिहिलं होतं. तेव्हाच्या समितीने बोलावून घेतलं. कुणाच्या तोफा हे सांगायलाच हवं का, असं विचारलं. मास्तर तरुण होते, प्रयोग व्हावा असं वाटत होतं. त्यांनी वाक्य बदलून 'गोळे पडू लागले' असं केलं. गारा पडाव्यात तसे. कुणी सोडले नाहीत, कुठून आले नाहीत, नुसते पडले. दोनेक वर्षांनी निवेदकाने आपल्या मनानेच 'शत्रूचे' हा शब्द पुढे जोडला, आणि तो वाक्यात इतका चपखल बसला की पुन्हा कुणाला तो काढावासा वाटला नाही.

पुढच्या बैठकीला मास्तर आत्याला घेऊन गेले. पोस्टाचा जिना चढताना ती प्रत्येक वळणावर थांबत होती आणि प्रत्येक वळणावर समितीचा उद्धार करत होती. मास्तरांना बरं वाटत होतं. गोळा तोफेत भरलेला होता, फक्त उडायचा होता.

सगळे उठून उभे राहिले. अध्यक्षांनी तिच्या पाठीला उशी दिली. मास्तर म्हणाले, "ही त्या सकाळी तिथे होती. माझ्यावर नसेल तर हिच्यावर विश्वास ठेवा. आत्या, यांना एवढंच सांग. त्या दिवशी कुणी मुलगी होती का?"

आत्याने तसबिरींकडे पाहिलं. मग कागदी फुलांकडे पाहिलं.

"होती," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं, तिला प्रश्न ऐकू आला नाही. त्यांनी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "बिगूलवाली, आत्या. टाकीवरची."

"ओरडू नकोस, बहिरी नाहीये मी. होती म्हणतेय ना. सडसडीत होती. दोन वेण्या. पिवळा फ्रॉक, पुढे मोठा खिसा, त्यात कायम काहीतरी खायला. पायात चप्पल नाही." ती अध्यक्षांकडे वळली. "लिहून घ्या. पुतळ्याच्या पायात चप्पल घालाल नाहीतर."

सेक्रेटरी भराभर लिहून घेत होता. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं. मास्तरांना खुर्ची उचलून खिडकीबाहेर टाकावीशी वाटली.

परतताना टॅक्सीत मास्तर खिडकीबाहेर बघत बसले. मग राहवेना.

"तू माझी पार शोभा केलीस."

"हं."

"आयुष्यभर मला एक सांगितलंस आणि तिथे दुसरंच सांगितलंस. आता कोण ऐकणार माझं? आधी निदान वेडा म्हणत होते, आता खोटारडा म्हणतील."

"मी काही खोटं बोलले नाही. मला विचारलं, मुलगी होती का. होती."

"तिच्या हातात बिगूल होता?"

"बिगूल तुझा," आत्या म्हणाली. "पोरगी माझी."

पिवळ्या फ्रॉकबद्दल मास्तरांनी आजवर ऐकलं नव्हतं. तळघर ऐकलं होतं, पोती ऐकली होती, गोळ्यांची शीळ ऐकली होती. धाकटीचे कपडे कधी कुणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही कधी विचारले नव्हते.

"स्मारकाच्या त्या मोठ्या दगडावर नावं कुणाची आहेत?" आत्याने विचारलं. "बंदूक हातात धरून मेले त्यांची. घरात बसून मेले त्यांचं नाव कुठे आहे? आमच्या गल्लीतली किती गेली त्या सकाळी. दगडावर एकही नाही. आता एक पोरगी उभी राहतेय पुलावर, तर राहू दे."

"पण खोटी उभी राहतेय. शत्रूशी लढणारी. अगं, तिला आपल्याच तोफेने मारलं. ते सांगायचं सोडून..."

"सांगितलं होतं. तुझे आजोबा गेले होते सांगायला, लढाई संपल्या संपल्या. साहेबाने खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, गोळ्यावर काही कुणाचं नाव नसतं, काका, तुम्ही दुःखात आहात. पुन्हा गेले तर म्हणाला, अशा बोलण्याने शिपायांच्या आयांना काय वाटेल याचा विचार करा. मग गल्लीतले लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. ज्यांची स्वतःची माणसं गेली होती, तेसुद्धा. त्यांना शत्रूने मारलेली माणसं हवी होती. आपल्याच हातून गेलेलं माणूस घेऊन कुठे जायचं?"

टॅक्सीवाला आरशातून बघत होता. मास्तरांनी खिडकीची काच उगाचच खाली केली आणि वर केली.

महिन्याभरात शिल्पकार बाई आत्याकडे येऊ लागल्या. धाकटीचा एकही फोटो नव्हता. आत्या हातवारे करून सांगायची, कपाळ असं, हनुवटी अशी, आणि बाई मातीचा चेहरा करून आणायच्या. आत्या म्हणायची, ही कोण बया? बाई पुन्हा करून आणायच्या. शेवटी एक दिवस बाईंनी मास्तरांना उजेडात बसवलं आणि पट्टी घेऊन त्यांचं नाक मोजलं.

"सर, घराण्याचं नाक आहे म्हणतात आजी. हलू नका."

"माझं वय बघा," मास्तर म्हणाले.

"मी लहान करून घेते."

त्यानंतर आलेला चेहरा आत्याने बराच वेळ बघितला. मग मातीच्या गालावरून बोट फिरवलं आणि आत जाऊन पडून राहिली. मास्तर त्या चेहऱ्यासमोर एकटेच उरले. राग होता तो जाईना, पण तो ठेवायचा कुठे हेही कळेना. समोरची पोरगी त्यांनी रचलेली नव्हती. तिच्या हातातल्या वस्तूचाच काय तो त्यांच्याशी संबंध होता. त्यांनी बाईंना विचारलं, बिगूल काढता येईल का. बाई म्हणाल्या, करारात आहे सर.

अनावरणाच्या दिवशी पुलावर ही गर्दी. बँड, शाळांच्या रांगा, मंत्री, कॅमेरे. पडदा आत्याच्या हातून ओढायचा होता आणि तिला दोन शब्द बोलायचे होते. अध्यक्षांनी ते शब्द छापून तिच्या हातात दिले होते. मास्तर तिच्या खुर्चीमागे उभे होते. आत्याने पडदा ओढला, वर पाहिलं, छापलेला कागद पर्समध्ये ठेवला आणि माईकजवळ तोंड नेलं.

"ही माझी धाकटी बहीण," ती म्हणाली. आवाज पुलापलीकडे गेला. "हिला वाजवता काही येत नव्हतं. हिला तहान लागली म्हणून ही वर आली होती. गोळा त्या टेकडीवरून आला. त्या टेकडीवर आपली माणसं होती. शत्रू तर आदल्या रात्रीच गेला होता. हे मी आज सांगतेय, कारण आज तुम्ही सगळे गप्प बसला आहात."

मास्तरांना आत्ता उमगलं. म्हणजे म्हातारीने हे सगळं यासाठी जुळवून आणलं होतं. त्या दिवशी 'होती' म्हणाली ती या माईकपर्यंत पोचायला. क्षणभर पुलावर खरोखर कुणी हललं नाही.

मग अध्यक्षांनी पुढे येऊन फार हळुवारपणे आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक आपल्याकडे घेतला. "ऐकलंत," ते म्हणाले. "टेकडीवर आपली माणसं लढत होती. तहानलेली होती. आणि शत्रूच्या गोळ्यांची पर्वा न करता ही चिमुरडी पाणी घेऊन त्यांच्याकडे निघाली होती. आपल्याला फक्त बिगूल माहीत होता. आज तिच्या सख्ख्या बहिणीने आपल्याला पाण्याची गोष्टही दिली."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बँडला सुरुवात कधी करायची ते कळेना. त्यांनी मध्येच केली. मंत्र्यांनी आत्याच्या पायाला हात लावला. आत्या त्यांना काहीतरी सांगत होती, पण ढोलापुढे कुणाला काय ऐकू येणार.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता, 'तहानलेल्या जवानांसाठी पाणी नेणारी वीरबाला'. मास्तरांनी तो आत्याला वाचून दाखवला नाही. तिने स्वतःच भिंग घेऊन वाचला.

"काय म्हणायचं यांना," ती म्हणाली.

आठवड्याभराने अध्यक्ष घरी आले. येत्या स्मृतिदिनाच्या प्रयोगात पाण्याचा प्रवेश हवा होता. मास्तरांनी त्यांना दारातच सांगितलं की हा प्रयोग आता दुसऱ्या कुणी बसवावा. अध्यक्षांना वाईट वाटलं. वखारीत कामाला असलेला एक होतकरू तरुण त्यांनी शोधला आणि प्रयोग व्यवस्थित झाला. आता पोरं भरपूर होती, कोटांचीही कमी नव्हती, तरी मुलगी टाकीवर चढली, आणि या वेळी तिच्या कमरेवर घागरही होती. बायको बघून आली. "छान केलं हो," ती म्हणाली, आणि मास्तरांचा चेहरा बघून स्वयंपाकघरात गेली.

घरात बसून बसून मास्तरांना सगळ्याचा वीट आला होता. एका दुपारी आत्या म्हणाली, मला पुलावर ने. बहिणीला बघायचंय, गर्दी नसताना. ते तिला घेऊन गेले. शाळेची एक सहल आलेली होती. शाळेच्या बाई मुलांना पुतळ्याभोवती उभं करून सांगत होत्या, बिगूल, मग पाणी, मग शत्रूचा गोळा. आत्या ऐकत राहिली. मग काठीने कठड्यावर टकटक केली.

"बाई, गोळा आपला होता."

बाई हसल्या. मुलं वळून बघू लागली.

"त्या टेकडीवरून आला. आम्ही आत आहोत हे टेकडीवरच्या माणसांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं ज्यांचं काम होतं ते झोपले होते की विसरले, देव जाणे."

"आजी, मुलं लहान आहेत," बाई म्हणाल्या.

"हीपण लहानच होती."

मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "मग त्यांनी सॉरी म्हटलं का?"

"नाही," आत्या म्हणाली. "अजून नाही."

बाईंनी मुलांना घाईघाईने बसकडे वळवलं. ती मुलगी दोनदा मागे बघून गेली. मास्तरांना वाटलं, आता आत्या दमली असेल. पण तिने विचारलं, "रोज येतात का रे या शाळा?"

तेव्हापासून ती आठवड्यातून दोनदा-तीनदा जायला लागली. कुणी ऐकायचं, कुणी हसायचं, एका मुलाच्या बापाने तिला देशद्रोही म्हटलं, आणि एक म्हातारा गिरणीच्या गल्लीतला निघाला, तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि पुढच्या खेपेलाही आला. पुस्तकातला धडा होता तसाच होता. मास्तर चिडायचे. एवढ्याने काय होणार, असं घरी येऊन बायकोला ऐकवायचे.

पावसाळ्याच्या आधी अध्यक्षांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ. "मास्तर, आत्याबाईंना जरा समजवा ना. सहलींच्या तक्रारी येताहेत. या वयात त्यांनी उन्हातान्हात तासन्‌तास उभं राहायचं म्हणजे काही झालं तर आपल्यालाच वाईट वाटणार."

"बरोबर आहे तुमचं," मास्तर म्हणाले. "उभं राहणं तिला झेपत नाही."

फोन ठेवून ते बाजारात गेले आणि घडीची एक खुर्ची घेऊन आले. मग परत गेले आणि त्या म्हाताऱ्यासाठी दुसरी आणली.